हिलाल मास्तरांचं सँपल

आमच्या दुकानात आलेलं गिऱ्हाईक वस्तू हातात घेऊन बघतं, उलटी करून बघतं, वाजवून बघतं, आणि फार शहाणं असलं तर आमच्याच तोंडासमोर फोन काढून तीच वस्तू दुसरीकडे कितीला मिळते तेही बघतं. दातांनी बघणारं गिऱ्हाईक मी आजवर एकच पाहिलं. ते म्हणजे हिलाल मास्तर.

सुरतेत उधना दरवाज्याजवळ आमचं वाद्यांचं दुकान आहे. आमचं म्हणजे किशोरशेठचं. मी काउंटरवर असते. तबल्याच्या पुडीपासून स्टुडिओतल्या माइकपर्यंत सगळं मी विकते आणि मला त्यातलं कळतं, हे आधीच सांगून टाकते. ज्याला भजनी मंडळासाठी माइक हवा त्याच्या गळ्यात मी भलतं काही मारत नाही, आणि कुणी हट्टाने भलतंच मागितलं तर माझं डोकं फिरतं. "बेन, तू माल वेचे छे के परीक्षा ले छे?" माल विकतेस की परीक्षा घेतेस, असं शेठ दिवसातून एकदा तरी विचारतात. विचारू देत. माझा स्वभाव तिरसटच आहे, आणि मास्तरांना तो फार आवडायचा.

पहिल्यांदा आले ते एका दुपारी. साठीला टेकलेला उंच माणूस, खाकी शर्टावर सुताची पांढरी लव चिकटलेली, आणि खिशात पेनच्या जागी डिसमिस. डिसमिस म्हणजे आपला स्क्रू-ड्रायव्हर. सुरतेत त्याला दुसऱ्या नावाने कुणी ओळखत नाही. काउंटरवरच्या स्पीकरवर गाणं चालू होतं. मास्तरांनी डिसमिस काढला, त्याचं टोक स्पीकरच्या खोक्याला टेकवलं, मूठ दातांत धरली आणि डोळे मिटले. शेठ खुर्चीतून उठून उभे राहिले. मी म्हटलं, झालं, आज दिवस चांगला जाणार!

"मागचा खालचा स्क्रू ढिला आहे," डोळे उघडून मास्तर म्हणाले.

मी खोका फिरवून बघितला. होता. सहा महिने तो स्पीकर घरघर करत होता आणि सहा महिने मी शेठला सांगत होते, की तुमची गाणीच तसली आहेत.

हिलाल मास्तर उधन्याच्या एका कारखान्यात लूम मास्तर होते. मागावर कापड विणतो तो कारीगर. माग बिघडला की तो ठीक करतो तो मास्तर. शंभर माग एकदम खटाखट चालत असताना कुठल्या मागाचा कुठला भाग घासतोय, हे कानाला कळणं शक्यच नसतं. म्हणून डिसमिस यंत्राला लावायचा आणि दातांत धरायचा, म्हणजे आवाज हाडातून थेट कवटीत चढतो. "कानात तर सगळ्या गल्लीचा आवाज शिरतो," मास्तर म्हणायचे, "दातांत एकाच मशीनचा येतो." पुढे पुढे त्यांना सवयच लागली. घरचा कुकर, शेजाऱ्याचा फ्रिज, कानाच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातला पंखा, सगळं ते दातांनी तपासायचे. पंख्याचं बेअरिंग गेलंय असं त्यांनी डॉक्टरांना सांगितलं, तेव्हा डॉक्टर त्यांना त्यांचे कान गेलेत असं सांगत होते.

तेच त्यांनी मला पहिल्या भेटीत सांगितलं. मी मूळची अमळनेरकडची आणि ते साक्रीकडचे, एवढं कळल्यावर त्यांनी आपोआप अहिराणी सुरू केली. "मना कान जाई ऱ्हायनात, माय," म्हणाले, सर्दी झाली म्हणावं तितक्या सहज. पस्तीस वर्षं मागांच्या आवाजात काढलेल्या माणसाचे कान जातातच. वर्ष, फार तर दीड वर्ष. बारीक आवाज आधी जाणार, मग बाकीचे. "त्याच्या आधी मला गिटार रेकॉर्ड करायची आहे. घरीच. सात चाली आहेत माझ्या. काय काय सामान लागेल?"

गिटार आणि लूम मास्तर! मी विचारलं तर म्हणाले, खोलीत एक ओडिया कारीगर भाड्याने राहायचा, तो गावी गेला तो परत आलाच नाही, त्याची गिटार माळ्यावर पडली होती. मास्तरांनी ती खाली काढली ती मोडकं यंत्र म्हणून. मान वाकलेली होती, ती सरळ केली. खुंट्यांना मागाचं तेल घातलं. सहा तारांपैकी चारच होत्या, उरलेल्या दोन कुठून आणल्या ते मी विचारलं नाही. मग नीट झालेलं यंत्र चालवून बघायला नको का? चालवता चालवता पंचवीस वर्षं झाली. शिकवायला कुणी नाही, कागदावर लिहिता येत नाही. मनानेच केलेल्या सात चाली, आणि नावंही त्यांनीच दिलेली. एक 'पाळी बदल', एक 'जेवणाची सुट्टी', एक 'धागा तुटला'. पाचवीचं नाव 'सुमन रागे भरनी', म्हणजे सुमन रागावली. सुमन त्यांची बायको. ही चाल सगळ्यात लांब होती.

"मग फोनवर करा ना रेकॉर्ड," मी म्हटलं. त्यांनी जावयाच्या फोनवर केलेलं मला ऐकवलं. फोनने गिटारीला गोंगाट समजून ती पुसून टाकली होती आणि फक्त मास्तरांचा खोकला स्वच्छ ठेवला होता.

"आणि घाई कसली एवढी?" असं मी म्हटल्यावर त्यांनी जे सांगितलं ते मी विसरले नाही. कारखान्यात कापडाची प्रत्येक डिझाइन पास झाली, की तिचा बोटभर तुकडा कापून वहीत चिकटवतात. त्याला सँपल म्हणतात. पुढे कधी रंगात, विणीत गडबड झाली की सँपल काढून ताडून बघायचं. "माझ्या चालींचं सँपल कुठेच नाही, माय. बोटांतच आहे. कान गेले की बोटं हळूहळू चुकायला लागतील, आणि मला कळणारही नाही. मी चुकीचंच वाजवत बसेन आणि मान हलवेन."

हे ऐकून मला गलबलून आलं. आणि मला गलबलून आलं की मी भराभर सामान काढते. अकूस्टिक गिटारीला कन्डेन्सर माइकच चांगला, बारीकातलं बारीक पकडतो. तो दिला. लॅपटॉप जावयाचा जुना होता, त्याला जोडायची पेटी दिली, स्टँड दिला. माइक गिटारीच्या मानेवरच्या बाराव्या पडद्यासमोर ठेवा, एक वीत लांब, भोकासमोर ठेवू नका, घुमतं, असं बजावलं. त्यांनी माझी वीत आणि त्यांची वीत टेबलावर मोजून बघितली आणि विचारलं, "कोणाची?" असला चोख माणूस. मी इतकं सगळं सांगितलं, फक्त एक विचारायचं राहिलं, की मास्तर, तुम्ही राहता कुठे?

आठवड्याने पेनड्राइव्ह घेऊन आले. मी हेडफोन लावला. उधन्यातले शंभर माग माझ्या डोक्यात शिरले, आणि त्यांच्या खूप पलीकडे कुणीतरी गिटारीसारखं काहीतरी करत होतं.

"माइक फार सरस आहे," मास्तर खूश होते. "मागच्या गल्लीतल्या मशीनांचा सगळा आजार कळतो. एकाला तेल नाही, एकाचा पट्टा सैल आहे. दोन्हीकडे जाऊन सांगून आलो."

मी मनातल्या मनात स्वतःला शिव्या घातल्या. कन्डेन्सर परत घेतला आणि गाणाऱ्यांचा साधा माइक दिला, जवळचंच ऐकणारा. त्यात माग कमी झाले खरे, पण गिटार अशी यायला लागली की जणू गोणीत भरून वाजवतायत. शेवटी मी म्हटलं, मास्तर, मी घरीच येते.

उधन्यातली दोन खोल्यांची जागा. आतल्या खोलीत शिरले आणि दारातच थांबले. तीन भिंतींना जमिनीपासून छतापर्यंत कापडाचे ताके रचलेले. भिंतीवरून आवाज परततो, तो जाड कापडाने मरतो, असं मीच त्यांना बोलले होते. लोक त्यासाठी परदेशातून फोम मागवतात. मास्तरांनी कारखान्यातून डागी माल उसना आणला होता. वर छताला कुठल्याशा लग्नासाठी छापलेली आणि रंग फसलेली साडी ताणून बांधली होती.

"बघ पोरी," सुमनकाकू म्हणाल्या. ठेंगणी, चटपटीत बाई, हातात लसूण. "माणसाला बसायला जागा नाही, पण आवाजाला गाद्या घातल्यात. पाहुणे आले तर काय सांगू? यांच्यावर बसा?"

"ही बोलते, पण ताके तिनेच रचले," मास्तर म्हणाले. ते खरंच निघालं.

मी टाळी वाजवून बघितली. आवाज जागच्या जागी मेला. अहो, इतकी चांगली खोली मी सुरतेत पाहिली नव्हती! पण माग यायचे ते यायचेच, कारण ते हवेतून येत नव्हते, जमिनीतून येत होते. मास्तरांनी डिसमिस फरशीला लावून मला ते दाखवलं, म्हणजे स्वतः ऐकलं आणि मान हलवली. उपाय एकच होता. आठवड्याची सुट्टी. त्या भागातले कारखाने आठवड्यातून एक दिवस बंद असतात, तेव्हाच काय ते खरं.

त्या दिवशी मी दुकानातून रजा घेतली. खोटं सांगून घेतली. कन्डेन्सर पुन्हा आणला, पेटी आणली, लॅपटॉप मांडला, वायरी ओढल्या, सगळं मनासारखं लावलं. बाहेर अशी शांतता, की गल्लीतल्या कोंबड्याचे पाय ऐकू यावेत. मी भिंतीवरचं बटण दाबलं. काहीच नाही. पुन्हा दाबलं.

"लाइट गेली," काकू बाहेरून म्हणाल्या. "आज सुट्टी ना. माग बंद असतात म्हणून ते वीजवाले आजच दुरुस्ती काढतात. दर सुट्टीला असंच."

"मग मला आधी सांगायचं नाही का?" मी मास्तरांवर ओरडले. मी गिऱ्हाइकावर ओरडते, ते काही नवीन नाही.

"पस्तीस वर्षं सुट्टीच्या दिवशी मी झोपलेला असतो," मास्तर म्हणाले. "मला काय माहीत!"

जावयाच्या लॅपटॉपची बॅटरी मास्तर तारा लावेपर्यंतच संपली. माझी मोठमोठी यंत्रं ताक्यांच्या मधोमध मुकाट पडून राहिली. मला इतकी लाज वाटली, की चहाही न घेता निघाले. आणि मग दुकानात काचेच्या कपाटात तीन वर्षं धूळ खात पडलेला एक छोटा रेकॉर्डर आठवला. साबणाच्या वडीएवढा, डोक्यावरच दोन माइक बसवलेले, आणि दोन पेन्सिल सेलवर चालणारा. शेठ त्याला 'रमकडं' म्हणायचे, म्हणजे खेळणं. ते खेळणं घेऊन मी पुढच्या सुट्टीला गेले.

आता लाइट नको होती. माग नव्हते. खोली झकास. मास्तर गिटार घेऊन बसले, मी बोट दाखवलं, त्यांनी सुरुवात केली आणि थांबले. पुन्हा सुरू केलं, धावायला लागले, अडखळले, थांबले. सहा-सात वेळा असं झालं. मग त्यांनी गिटार मांडीवर आडवी ठेवली.

"ठोका कुठाय?" म्हणाले.

काय सांगू! पंचवीस वर्षं त्या माणसाने मागांच्या आवाजातच गिटार वाजवली होती. सातही चाली मागाच्या ठोक्यावर बसलेल्या, सगळ्या एकाच वेगाच्या. माग चालू असले तर रेकॉर्डिंग होईना आणि माग बंद असले तर मास्तरांना वाजवता येईना. मी डोक्याला हात लावून ताक्यांना टेकून बसले.

पण हरले नाही. दुसऱ्या दिवशी मागाचाच ठोका रेकॉर्ड करून फोनवर घेतला आणि पुढच्या सुट्टीला मास्तरांच्या कानांना हेडफोन लावला. ठोका लागला एकदम! चेहरा उजळला, बोटं पळायला लागली. "मोठा कर," म्हणाले. केला. "अजून." केला. "अजून, माय." शेवटी आवाज इतका झाला की त्यांच्या कानांतून माग बाहेर पडून सरळ माझ्या रेकॉर्डरमध्ये शिरला. मी उघडा हेडफोन बदलून बंद कपांचा आणला, मग त्याहून जाड गादीचा आणला. दोन सुट्ट्या त्यातच गेल्या. हेडफोनचा काही दोष नव्हता, ऐकणारे कान मागे सरकत होते.

त्यातल्या दुसऱ्या सुट्टीला मास्तर तारा लावत होते. पहिली, सगळ्यात बारीक तार त्यांनी छेडली, पुन्हा छेडली, आणि माझ्याकडे बघून विचारलं, "ही बरोबर लागली का?" इतक्या महिन्यांत त्यांनी मला तारेबद्दल कधीच विचारलं नव्हतं. मी हो म्हटलं. बाहेरच्या खोलीतल्या काकूंसकट तिघांनाही कळलं काय झालं ते. मला रडू येत होतं आणि रडू येतं तेव्हा मी वायरी गुंडाळत बसते, तशी बसले. मास्तरांनी चार वेळा सुरुवात केली, चारही वेळा माग घुसला. "राहू दे," ते म्हणाले. "सँपल नसलेली पण कापडं असतात."

तेवढ्यात काकू आत आल्या. पदराला हात पुसले, हेडफोन मास्तरांच्या डोक्यावरून काढून माझ्या हातात दिला, आणि त्यांच्या पाठीमागे जमिनीवर बसल्या. दोन बोटं त्यांच्या पाठीवर टेकवली आणि वाजवायला लागल्या. टक-टक, टक-टक.

"हाच ना तुमचा ठोका?"

मास्तर वळून बघायला गेले तर काकूंनी त्यांची मानच सरळ केली. "अठरा वर्षं त्याच कारखान्यात मागाच्या सुताच्या कांड्या भरल्या मी. मला काय ठोका शिकवता? वाजवा."

आणि मास्तर वाजवायला लागले. मी रेकॉर्डर बाराव्या पडद्यासमोर धरला, एक वीत लांब, मास्तरांची वीत. श्वाससुद्धा जपून घेत होते. एका बैठकीत सातही चाली झाल्या, मध्ये एकदा काकूंनी हात बदलला तेवढाच खोळंबा. पाचवी चालू असताना त्यांनी मला खुणेने विचारलं, हिचं नाव काय? मी खांदे उडवले. मला मरायचं नव्हतं.

घरी जाऊन चांगल्या हेडफोनवर मी ते सगळं ऐकलं. स्वच्छ! ना माग, ना पाठीवरची टकटक, नुसती गिटार. माझ्या कपाटातलं सगळ्यात क्षुल्लक यंत्र, डागी ताके आणि काकूंची बोटं. त्या दिवसापासून मी गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारते तो, तुम्ही राहता कुठे, घरात कोण कोण असतं. शेठ म्हणतात, बेन, तू माल वेचे छे के लगन जमावे छे?

मास्तरांना शेवटचं पाहिलं त्याला आता दीडेक वर्ष झालं. कारखाना सुटला होता, खोली रिकामी केली होती, दोघं साक्रीकडे लेकीच्या गावी निघाली होती. काकू रिक्षात सामानावर बसून राहिल्या आणि मास्तर तारांचा एक संच आणि छोटा स्पीकर घ्यायला आत आले. आता त्यांना जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. मी बिलाच्या पाठीवर लिहायचे, ते वाचून मोठ्याने उत्तर द्यायचे, सगळं दुकान वळून बघायचं.

स्पीकर त्यांनी दातांनी निवडला. डिसमिस लावून तीन नापास केले, चौथा ठेवला. त्याला तेव्हाच विकत घेतलेला तो छोटा रेकॉर्डर जोडला, भिंतीवरची एक गिटार मागून मांडीवर घेतली, डिसमिस दातांत धरून टोक स्पीकरला टेकवलं आणि रेकॉर्डिंगबरोबर वाजवायला लागले. बोटाला बोट जुळत होतं. मध्येच थांबले, तोंडातून डिसमिस काढला. "तिसऱ्या चालीत माझं बोट घसरायला लागलं होतं, माय. याने पकडून दिलं." आणि स्पीकरवर थाप मारली. मला इतका आनंद झाला, की मी समोरच्या गिऱ्हाइकाला चुकीचा माइक दाखवत होते हेही विसरले.

"धर," म्हणून मास्तरांनी डिसमिस माझ्यापुढे केला. "पाचवी लावतो. ऐक."

मी ओढणीने मूठ पुसली आणि दातांत धरली. "बेन, तू पण?" शेठ म्हणाले. मी डोळे मिटले. कवटीत गिटार घुमली, आणि तिच्या खाली, जिथे माझ्या चांगल्या हेडफोनला कधीच काही सापडलं नव्हतं तिथे, टक-टक, टक-टक. काकूंची दोन बोटं. मास्तरांच्या पाठीतून छातीत, छातीतून गिटारीच्या खोक्यात.

"आली ना ऐकू?" मास्तर अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असं कुजबुजले. "तिला सांगू नको. दोन ठिकाणी चुकली आहे ती."

मी बिलाच्या पाठीवर लिहिलं, आणि तुम्ही?

"मी तिच्या पाठोपाठ चुकलो," म्हणाले. "आता चाल तशीच. सँपल पास झालं."

रिक्षावाला बाहेर भोंगा वाजवत होता. काकू आत आल्या. मग मास्तरांच्या पाठीमागे जाऊन त्यांनी पाठीवर दोन बोटं टेकवली. टक-टक, टक-टक. जरा जोरातच. मास्तर ताडकन उठले, गिटार माझ्या हातात दिली, डिसमिस खिशात खोचला आणि सगळ्या दुकानाला सांगितलं, "चाल माय, येतो. सुमन रागे भरनी."